इंग्रजीतलं ‘साउंड’ विशेषण कसं ओळखावं, कसं वापरावं

‘साउंड सिस्टिम’मध्ये आवाज आहे, ‘साउंड ॲडव्हाइस’चा आवाजाशी काही संबंध नाही. आवाजाचा शब्द लॅटिनमधून आला. हे विशेषण मात्र जुन्या इंग्रजीतलं, निरोगी या अर्थाच्या जर्मन ‘गेझुंट’चं भावंड. म्हणून मूळ अर्थ धडधाकट, कुठे तडा किंवा कीड नसलेलं.

१. शंका आली की आधी ‘व्हेरी’ लावून बघा. ‘व्हेरी साउंड ॲडव्हाइस’ चालतं, म्हणजे विशेषण. ‘व्हेरी साउंड सिस्टिम’ म्हणताच कानाला खटकतं.

२. मग पुढचं नाम बघा, अर्थ त्यावरच ठरतो. इमारत असेल तर भक्कम, झोप असेल तर गाढ, सल्ला असेल तर पूर्ण विचारांती दिलेला. युक्तिवाद असेल तर जपून. सगळे मासे झाडावर राहतात, बांगडा मासा आहे, म्हणून बांगडा झाडावर राहतो: ही मांडणी तर्कशास्त्रात ‘व्हॅलिड’ ठरते, पण ‘साउंड’ नाही. त्यासाठी मांडणी बरोबर हवीच, शिवाय गृहीत धरलेली विधानंही खरी हवीत.

३. कागदपत्रांत ‘ऑफ साउंड माइंड’ दिसलं तर ‘हुशार’ असा अर्थ लावू नका. आपल्या मृत्युपत्रांत ‘स्थिरबुद्धीने व पूर्ण शुद्धीत’ असं लिहितात, ते याच्या सर्वांत जवळचं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं कलम १२ कसोटी सांगतं: करार करतेवेळी तो समजण्याची आणि आपल्या हितावर त्याचा काय परिणाम होईल हे ताडण्याची क्षमता हवी. ‘करतेवेळी’ हा शब्द महत्त्वाचा. एरवी मन ठिकाणावर नसणारा माणूसही, ते ठिकाणावर असताना करार करू शकतो.

४. वाक्यात वापरताना हमखास होणाऱ्या चुका:

‘द प्लॅन साउंड्स गुड’ म्हणजे ऐकायला बेत बरा वाटतो. ‘द प्लॅन इज साउंड’ म्हणजे तपासून पाहिला, पक्का आहे. न तपासता दुसरं वाक्य लिहू नये.

बाजारात ‘पार्टी साउंड आहे’ म्हणजे पैसेवाली. इंग्रजीत ‘फायनान्शियली साउंड’ म्हणजे आर्थिक घडी नीट बसलेली. प्रचंड उलाढाल असूनही कर्जात बुडालेली कंपनी साउंड नसते.

‘साउंड अस्लीप’ असंच म्हणतात, ‘साउंडली अस्लीप’ नाही. पण झोपण्याची क्रिया सांगताना ‘स्लेप्ट साउंडली’.

‘सेफ अँड साउंड’ म्हणजे सुखरूप. त्यातला क्रम उलटा करू नका, आणि ही जोडी नामाआधी न ठेवता क्रियापदानंतर ठेवा: ‘दे रीच्ड होम सेफ अँड साउंड’.