मानसिक आरोग्य परिचर्येत एम.एस्सी. नर्सिंग: दोन वर्षांचा हिशेब

प्रवेश घेण्याआधी भारतीय परिचर्या परिषदेच्या अभ्यासक्रमातला तासांचा तक्ता नीट पाहा. पहिल्या वर्षी विशेष विषयाला वर्गातले १५० तास आणि प्रात्यक्षिकाचे ६५० तास असतात, दुसऱ्या वर्षी वर्गातले १५० आणि प्रात्यक्षिकाचे ९५०. म्हणजे आपल्या विषयाचे ३०० तास बाकावर आणि १,६०० तास वॉर्डात. तरीही बरेच जण बी.एस्सी.सारखाच अभ्यास करतात. नोट्स जमवायच्या, परीक्षेच्या महिनाभर आधी पाठ करायच्या आणि वॉर्डातल्या नोंदी सबमिशनच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर बसून उतरवायच्या. या विषयात ते चालत नाही, कारण इथे हातात स्टेथोस्कोपपेक्षा बोलणं, ऐकणं आणि ऐकलेलं जसंच्या तसं लिहिणं जास्त लागतं.

प्रवेश आणि कॉलेजची निवड

बी.एस्सी. नर्सिंग किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी.मध्ये एकूण किमान ५५ टक्के गुण लागतात. अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्क्यांची सवलत आहे. परिचारिका आणि प्रसविका अशी नोंदणी आणि एका वर्षाचा अनुभवही हवा. बी.एस्सी. केलेल्यांचा अनुभव पदवीनंतरचाच धरला जातो. पोस्ट बेसिकवाल्यांचा आधीचाही चालतो. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा अनुभवाच्या दाखल्यावर. त्यावर रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, पद आणि सही-शिक्का हवा. 'एक वर्ष काम केले' एवढंच लिहिलेला कागद पुरत नाही. सरकारी नोकरीत असाल तर अर्जाआधी कार्यालयाच्या परवानगीचं पाहा. रजेचा प्रश्न निकालानंतर उकरला की जागा हातची जाते.

राज्यातली बहुतेक कॉलेजं नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहेत. बाहेर जायची तयारी असेल तर बंगळुरूची मानसिक आरोग्य आणि मेंदूविज्ञानाची राष्ट्रीय संस्था निम्हान्स आणि दिल्लीचं एम्स यांच्या स्वतःच्या प्रवेशपरीक्षा असतात. निम्हान्समध्ये मेंदूविकार आणि मनोविकार एकाच आवारात पाहायला मिळतात, हा मोठा फायदा.

कॉलेज निवडताना इमारत पाहू नका. पोस्टिंग कुठे आणि किती आठवडे असतं ते विचारा. पुणे (येरवडा), ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. त्यांपैकी एखाद्याशी कॉलेज जोडलेलं असेल तर तीव्र आणि दीर्घकालीन असे दोन्ही प्रकारचे रुग्ण दिसतात. फक्त जनरल हॉस्पिटलचा वीस खाटांचा मानसोपचार वॉर्ड असेल, तर दीर्घकाळ राहिलेले रुग्ण आणि पुनर्वसन यांच्याशी फारशी गाठ पडत नाही. व्यसनमुक्ती केंद्र आणि बालमार्गदर्शन क्लिनिकचं पोस्टिंग नक्की होतं की कागदावरच आहे, हे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारा. ते खरं सांगतात.

वॉर्डातले १,६०० तास

सुरुवात आजाराचा इतिहास घेण्यापासून होते आणि पहिली चूकही तिथेच होते: आजार कधी सुरू झाला ते नीट कळत नाही. 'किती महिने झाले?' असं विचारलं की नातेवाईक 'बरेच दिवस' म्हणतात. 'गणपतीच्या आधी झोप लागत होती का? दिवाळीला सगळ्यांबरोबर जेवायला बसले होते का? पेरणीला शेतावर गेले होते का?' असे प्रश्न विचारा. तारीख आठवत नसली तरी सण आणि हंगाम आठवतात. माहिती देणारा कोण, रुग्णासोबत राहतो का आणि त्याच्या बोलण्यावर किती विसंबता येईल, हे वर लिहिलंच पाहिजे. चार वर्षं वेगळा राहणारा भाऊ झोपेबद्दल सांगत असेल, तर ती माहिती ऐकीव आहे.

मग मानसिक स्थितीची तपासणी. नोंदींची वही (जर्नल) इंग्रजीत असली तरी रुग्णाचे शब्द अवतरणात मराठीतच ठेवा. 'डोक्यात मुंग्या येतात', 'जीव वर-खाली होतो', 'माझ्यावर कुणीतरी केलंय' या वाक्यांचं घाईने इंग्रजी केलं, की करणीची समजूत थेट 'डिल्यूजन' (आजारातला भ्रम) होऊन बसते. त्या घरात, त्या गावात तसं मानणं सर्वसाधारण आहे का, हे आधी पाहावं लागतं. अंगात येण्याचंही तसंच. नवरात्रात देवीचं वारं येतं आणि दुसऱ्या दिवशी बाई कामावर जाते, यात आजार असेलच असं नाही.

अमूर्त विचार तपासायला इंग्रजी पुस्तकातल्या म्हणींचं भाषांतर करू नका. 'नाचता येईना अंगण वाकडे' विचारा. 'अंगण सारवून सपाट करायचं' असं उत्तर आलं तर ते शब्दशः आहे. मात्र रुग्णाने ती म्हण आधी ऐकली आहे का, हेही विचारा. शंभरातून सात वजा करणं शाळा न झालेल्याला जमत नसेल तर तो एकाग्रतेचा दोष नव्हे. वीसमधून तीन वजा करायला सांगा, नाहीतर आठवड्याचे वार उलटे म्हणून घ्या, आणि काय विचारलं ते नोंदवा. अंतर्दृष्टीच्या (आपल्याला आजार आहे याची रुग्णाला असलेली जाणीव) सहा पायऱ्यांपैकी आकडा टाकून थांबू नका. रुग्णाच्या ज्या वाक्यावरून तो ठरवला ते वाक्य लिहा. तोंडी परीक्षेत (व्हायवात) परीक्षक नेमकं तेच विचारतात.

प्रोसेस रेकॉर्डिंग म्हणजे रुग्णाशी झालेल्या संभाषणाची शब्दशः लेखी नोंद. तिचे चार रकाने असतात: रुग्ण काय म्हणाला आणि त्याचे हावभाव, तुम्ही काय म्हणालात, तेव्हा तुमच्या मनात काय आलं, आणि त्या वाक्याचं विश्लेषण. पहिल्या भेटी १५ ते २० मिनिटांच्या ठेवा. रुग्णासमोर मोजके शब्द टिपा आणि उठल्यावर तासाभरात पूर्ण लिहा. संध्याकाळपर्यंत थांबलात की आठवणीतलं संभाषण आपोआप गोड होतं. मोबाइलवर रेकॉर्ड करू नका.

बनवलेलं रेकॉर्डिंग ओळखणं अवघड नसतं: त्यातला प्रत्येक रुग्ण शेवटी 'थँक्यू सिस्टर' म्हणतो. चुकलेलं संभाषण तसंच लिहा, कारण विश्लेषणाचे गुण तिथेच मिळतात. रुग्ण म्हणाला, 'कानात कुणीतरी बोलतं.' तुम्ही म्हणालात, 'असं काही नसतं, काळजी करू नका.' हे खोटं आश्वासन, आणि त्याने दार बंद झालं. 'मला तो आवाज येत नाही, पण तुम्हाला येतोय आणि त्याचा त्रास होतोय. काय म्हणतो तो?' असं म्हटल्यावर पुढचं कळतं. तो आवाज काही करायला सांगतो का, हे विचारायचं राहून जाता कामा नये. तसंच 'जीव द्यावासा वाटतो का?' हा प्रश्नही सरळ विचारायचा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो आलं तर काय ठरवलंय आणि साधन हाताशी आहे का, हे विचारून ताबडतोब वॉर्डच्या सिस्टरना आणि डॉक्टरांना सांगायचं. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन कधीही देऊ नका.

परिचर्याशास्त्रज्ञ पेप्लाऊ यांनी १९५२ मध्ये मांडलेले परिचारिका-रुग्ण नात्याचे टप्पे पाठ सगळ्यांचे असतात. शेवटचा टप्पा मात्र वॉर्डात हमखास राहतो. पोस्टिंग संपायच्या आदल्या दिवशी 'उद्यापासून येणार नाही' म्हटलं तर रुग्णाला ते सोडून गेल्यासारखं वाटतं. निघण्याची तारीख पहिल्याच भेटीत सांगा आणि शेवटच्या आठवड्यात पुन्हा आठवण द्या.

वॉर्डात कोण कधी चिडतं, कोण जेवत नाही, हे मामा-मावशींना (वॉर्डातल्या मदतनिसांना) पाठ असतं. त्यांच्याशी आदराने बोला.

औषधं, ईसीटी (विजेचा सौम्य झटका देऊन करायचे उपचार), कायदा

ड्रग बुकमध्ये पन्नास औषधं उतरवण्यापेक्षा दहा खोलात करा. लिथियम या मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधाच्या पातळीसाठी रक्त शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी घ्यायचं असतं. सकाळची गोळी देऊन मग नमुना घेतला की आकडा फुगतो. पातळी साधारण ०.६ ते १.२ (मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर) च्या दरम्यान हवी, १.५ च्या वर विषबाधेची लक्षणं शोधायची. जुलाब, उलट्या, मीठ एकदम तोडणं, काही वेदनाशामक गोळ्या आणि निर्जळी उपवास यांनी ती वाढते. श्रावण-नवरात्रात आणि रमजानमध्ये रुग्णाला हे विचारायलाच हवं. क्लोझापिन या स्किझोफ्रेनियावरच्या औषधासाठी पहिले १८ आठवडे दर आठवड्याला पांढऱ्या पेशी तपासतात. घसा दुखून ताप आला तर 'सर्दी असेल' म्हणून सोडायचं नाही. दारू सोडणाऱ्या रुग्णात ग्लुकोजच्या आधी थायमिन (ब१ जीवनसत्त्व).

ईसीटीच्या तयारीत सहा ते आठ तास पोटात काही नको, कवळी काढलेली, लघवी झालेली, नेलपॉलिश पुसलेलं, आणि केस धुतलेले. खोबरेल तेल राहिलं तर इलेक्ट्रोड नीट टेकत नाही. नंतर रुग्णाला कुशीवर वळवायचं आणि शुद्धीवर येताना तो कुठे आहे ते त्याला सांगायचं.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मूळ मजकुरातून वाचा. गाइडबुकांत अजूनही १९८७ च्या कायद्याची उत्तरं सापडतात. नवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. कलम ९५ प्रमाणे भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध न देता ईसीटी करता येत नाही. अल्पवयीनांना ती देता येत नाही. अपवाद करायचा तर पालकांची संमती आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची पूर्वपरवानगी लागते. कलम ९७ मुळे एकांतात कोंडणं बंद झालं. बांधून ठेवणं हा शेवटचा उपाय, तोही प्रभारी मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनेच. कारण आणि वेळ नोंदवायची आणि २४ तासांत नामनिर्देशित प्रतिनिधीला (रुग्णाच्या वतीने नेमलेल्या व्यक्तीला) कळवायचं. कलम ८९ खाली (प्रतिनिधीच्या अर्जावरून) दाखल रुग्णाला ३० दिवसांपर्यंत ठेवता येतं, पुढे कलम ९०. कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं गृहीत धरलं जातं.

प्रबंध

संशोधनाचा प्रस्ताव पहिल्या वर्षाच्या नवव्या महिनाअखेर आणि प्रबंध दुसऱ्या वर्षाच्या नवव्या महिनाअखेर द्यायचा असतो. वेळ जातो तो लिहिण्यात नाही, परवानग्यांत. मानसिक आजार असलेल्या व्यक्तींवर अभ्यास असेल तर नैतिकता समितीबरोबरच कायद्याचं कलम ९९ आडवं येतं: ज्याला संमती देता येत नाही त्याला घ्यायचं, तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते. म्हणून संमती देऊ शकणारे रुग्ण, काळजीवाहक नातेवाईक किंवा वॉर्डातल्या परिचारिका असा गट घेतला की काम वेळेत होतं. उपचार किंवा प्रशिक्षण देऊन परिणाम मोजणार असाल तर पहिला सहभागी घेण्याआधी सीटीआरआयवर (भारतातल्या क्लिनिकल चाचण्यांच्या नोंदवहीत) नोंदणी करा. मागाहून ती करता येत नाही.

एका गटाला शिकवायचं, आधी-नंतर प्रश्नावली भरून घ्यायची आणि 'ज्ञान वाढलं' म्हणायचं, असे प्रबंध ग्रंथालयात रचून ठेवलेले आहेत. शिकवल्यावर लगेच विचारलं तर आकडा वाढणारच. निदान तुलनेचा गट घ्या आणि महिन्याने पुन्हा मोजा.

नमुन्याचा आकार: प्रमाण माहीत नसेल तर ५० टक्के धरून, ५ टक्के चूक मान्य केली की ३८४ येतात. १० टक्के गळती धरायची तर ३८४ ला ०.९ ने भागायचं, ४२७ होतात. १० टक्के मिळवणं चूक. एवढे रुग्ण मिळणार नसतील तर १० टक्के चूक धरून ९६. पायलटमधले (आधीच्या छोट्या चाचणी-अभ्यासातले) लोक मुख्य अभ्यासात घेऊ नका.

मोजपट्टी वापरण्याआधी तिचे हक्क पाहा. नैराश्य मोजणारी पीएचक्यू-९ मोफत आहे. बेक यांची नैराश्य प्रश्नावली आणि स्मरण-आकलन तपासणारी एमएमएसई यांवर हक्क आहेत. मराठी भाषांतर एकाने करायचं, उलट भाषांतर मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने. मराठी आवृत्तीचा क्रॉनबॅक अल्फा (प्रश्नांच्या आपसातल्या सुसंगतीचा आकडा) स्वतः काढा. मूळ इंग्रजीचा आकडा छापून भागत नाही.

परीक्षा आणि नंतर

लेखी आणि प्रात्यक्षिकात वेगवेगळे ५० टक्के लागतात. संशोधनाच्या ७५ गुणांच्या पेपरमध्ये संख्याशास्त्र २५ गुणांचं असतं. ते ऑप्शनला टाकणारेच काठावर अडकतात. प्रात्यक्षिकाला आलेला रुग्ण बोलला नाही तर घाबरू नका. न बोलणं हेही निरीक्षण आहे: डोळे कुठे होते, हाताला धरून उठवल्यावर उठला का, तोंडात घास धरून ठेवला का, हे लिहा.

निकाल लागला की वाढीव पात्रतेची नोंद महाराष्ट्र परिचर्या परिषदेत करून घ्या. परदेशी जाण्याचा विचार असो वा नसो, विषयवार तासांचा उतारा कॉलेजातून सही-शिक्क्यानिशी तेव्हाच काढून ठेवा. तिकडच्या नोंदणी संस्था तास मागतात, आणि पाच वर्षांनी तो कागद शोधणारा कारकून बदललेला असतो.