जोती वाचायला शिकून जा: रोमन सरहद्दीवरचा किल्ला पाहण्याविषयी

पुण्याहून इंग्लंडला मुला-मुलींकडे जाणाऱ्या ज्या मंडळींना गडकिल्ल्यांची ओढ आहे, त्यांनी आपल्या मुक्कामातले निदान दोन दिवस उत्तरेसाठी राखून ठेवावेत, असे मी आग्रहाने सांगेन. न्यूकॅसल आणि कार्लाइल या शहरांच्या दरम्यानच्या डोंगराळ मुलखातून हेड्रियनची भिंत जाते. रोमन सम्राट हेड्रियन याच्या कारकिर्दीत, इ. स. १२२ मध्ये, तिचे काम सुरू झाले. पूर्वेला वॉल्सएंडपासून पश्चिमेला बोनेसपर्यंत ती सुमारे ११७ किलोमीटर पसरलेली होती, आणि तिच्या आधाराने सैन्याचे किल्ले वसवलेले होते. १९८७ पासून ती जागतिक वारसा आहे. इतके असूनही तेथून परतलेल्या अनेकांच्या तोंडून मी एकच वाक्य ऐकले आहे: ‘नुसत्या दगडांच्या रांगा आहेत हो, बघण्यासारखे काही नाही.’

हे बोलणाऱ्यांचा दोष नाही. या किल्ल्यांच्या भिंती बहुतेक ठिकाणी कमरेइतक्याच उरल्या आहेत, कारण रोमन सत्ता गेल्यानंतर शेकडो वर्षे आसपासच्या लोकांनी तेथले घडीव दगड शेतांच्या बांधांना, घरांना आणि चर्चला नेले. स्कॉटलंडातून उठलेल्या १७४५ च्या बंडानंतर सरकारने सैन्यासाठी रस्ता केला, तेव्हा तर कित्येक मैल भिंतच पाडून तिचा भराव घातला. आज ज्या बी-६३१८ रस्त्याने आपण किल्ल्याकडे जातो, त्याच्या पोटात काही मैल तीच भिंत आहे. म्हणून तेथे जे पाहायचे ते उंच तट किंवा बुरूज नसून जोती आहेत, आणि जोती वाचण्याची तयारी येथूनच करून जावे लागते.

या तयारीसाठी पुण्यात शनिवारवाड्यासारखी दुसरी जागा नाही. १७३२ मध्ये वास्तुशांत झालेला हा वाडा १८२८ च्या आगीत जळाला. तट आणि दरवाजे राहिले, आत मात्र चौथरे आणि पायाच्या रेषा उरल्या. आपण पुणेकर दिल्ली दरवाजाचे खिळे पाहतो, कारंज्यापाशी उभे राहतो आणि बाहेर पडतो. एका सकाळी वही घेऊन तेथे जावे आणि एकाच चौथऱ्यापाशी अर्धा तास घालवावा. उंबऱ्याचा दगड कोठे आहे, लाकडी खांबांचे तळखडे किती अंतरावर आहेत, कोणती भिंत जाड आणि कोणती पातळ, पाणी कोणत्या बाजूने बाहेर काढले आहे, हे पावलांनी मोजून टिपावे. जाड भिंत म्हणजे वर मजला किंवा मोठे ओझे, पातळ भिंत म्हणजे आतली वाटणी, आणि दगडात कोरलेला चर म्हणजे बहुधा पाण्याची वाट. एवढे तीन ठोकताळे हाताशी आले की इंग्लंडातल्या जोत्यांसमोर माणूस बावरत नाही.

दुसरी तयारी आराखड्याची. आपला गड डोंगराच्या अंगाने वाढतो. राजगडाच्या तीन माच्या तीन सोंडांवर पसरल्या आहेत, त्यांचा आकार कोणी कागदावर आधी ठरवलेला नाही. रोमनांच्या किल्ल्याचे याच्या उलट होते. जागा कोणतीही असो, आकार पत्त्याच्या पानासारखा, लांबट आणि कोपरे गोल केलेला. साधारणपणे चार बाजूंना चार दरवाजे. मधून आडवा जाणारा मुख्य रस्ता आणि त्या रस्त्यावर, किल्ल्याच्या बरोबर मध्यभागी, मुख्य कचेरी. तिला लॅटिनमध्ये प्रिंकिपिया म्हणत. आपण तिला सदर म्हणू. सदरेच्या पाठच्या भिंतीला लागून देवघरासारखी एक खोली असे, तीत पलटणीची निशाणे ठेवली जात. सदरेच्या एका अंगाला सेनाधिकाऱ्याचा वाडा, दुसऱ्या अंगाला अंबारखाने, आणि पुढे-मागे शिबंदीच्या लांबलचक बराकी. हा क्रम ब्रिटनपासून सिरियापर्यंत थोड्याफार फरकाने सारखा सापडतो. कागदावर हा आराखडा दोन-तीनदा स्वतःच्या हाताने काढावा. पाहिलेल्या नकाशापेक्षा काढलेला नकाशा जास्त लक्षात राहतो.

आता कोणता किल्ला निवडावा, याविषयी. मी पहिल्या खेपेला एका सहलीबरोबर गेलो होतो. त्यांनी एका दिवसात तीन किल्ले आणि एक संग्रहालय दाखवले, प्रत्येक ठिकाणी चाळीस मिनिटे. संध्याकाळी माझ्याकडे भरपूर छायाचित्रे होती, आणि त्यांतले कोणते कोठले, हे मला सांगता येत नव्हते. दुसऱ्या खेपेला मी एकच किल्ला सकाळपासून दुपारपर्यंत पाहिला आणि तेव्हा कोठे तो मला कळला. त्यामुळे माझे मत पक्के आहे की पहिला दिवस हाउसस्टेड्सला आणि दुसरा दिवस विंडोलँडाला द्यावा. सवड असेल तर घोडदळाचा चेस्टर्स हा किल्ला नदीकाठच्या स्नानगृहासाठी पाहावा. पूर्वेला साउथ शील्ड्स येथे दरवाजा मूळ पायावर पुन्हा उभारला आहे. लहान मुले बरोबर असतील तर तो आधी दाखवावा, म्हणजे पुढच्या जोत्यांवर त्यांना मनाने भिंती चढवता येतात.

लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावरून न्यूकॅसलला आगगाडी साधारण तीन तासांत पोहोचते. तेथून कार्लाइलकडे जाणाऱ्या छोट्या गाडीने हेक्सम किंवा हॉल्टविसल येथे उतरावे. या दोन गावांच्या दरम्यान किल्ल्यांना जोडणारी बस धावते आणि तिचा क्रमांकच एडी-१२२ असा, भिंतीच्या वर्षावरून ठेवलेला आहे. ही बस हंगामी आहे, म्हणून मे ते सप्टेंबर या काळात जाणे सोयीचे, आणि निघण्याआधी वेळापत्रक व किल्ल्यांच्या वेळा पाहून घ्याव्यात. इंग्लिश हेरिटेज या संस्थेचा परदेशी पाहुण्यांसाठी ९ किंवा १६ दिवसांचा पास मिळतो; हाउसस्टेड्स आणि चेस्टर्स त्यात येतात, विंडोलँडा मात्र वेगळ्या विश्वस्त संस्थेकडे असल्याने तेथले तिकीट निराळे घ्यावे लागते.

कपड्यांविषयी एवढेच सांगतो की छत्री नेऊ नये. राजमाचीच्या पावसाळ्यात वाऱ्याने छत्रीचे जे होते तेच तेथे जूनमध्येही होऊ शकते. टोपी असलेले पावसाळी जाकीट, आत एक लोकरी थर आणि आपले ट्रेकचे बूट पुरेत. ज्येष्ठांनी हे ध्यानात ठेवावे की हाउसस्टेड्सला वाहनतळापासून किल्ल्यापर्यंत सुमारे अर्धा मैल चढ आहे. तो सिंहगडाच्या मानाने काहीच नाही, पण उघड्यावरचा आहे आणि वारा समोरून येतो.

हाउसस्टेड्सला पोहोचल्यावर आधी किल्ल्यालगतच्या संग्रहालयात किल्ल्याची प्रतिकृती पाहावी आणि मग वर चढावे. दक्षिण दरवाजाबाहेर जी जोती लागतात ती वसाहतीची आहेत. सैनिकांच्या पगारावर जगणारे दुकानदार, कारागीर आणि बायका-मुले तेथे राहत. आपल्या गडाखालच्या पेठेसारखीच ही वस्ती. दरवाजातून आत गेल्यावर लगेच डावी-उजवीकडे न वळता सरळ उत्तरेच्या तटापर्यंत जावे. किल्ला दक्षिणेकडे उतरत्या जमिनीवर असल्याने तेथून सुमारे दोन हेक्टरांचा सगळा पसारा एका नजरेत दिसतो, आणि पुण्यात काढलेला नकाशा जमिनीवर पडलेला आढळतो. सदर कोठे, रस्ता कोठे, हे आधी बोटाने दाखवून मगच खाली उतरावे.

अंबारखान्यापाशी सर्वांत जास्त थांबावे. गुडघ्याएवढ्या उंचीचे आखूड दगडी खांब तेथे ओळीने उभे आहेत. पाहताक्षणी ते कशासाठी असतील हे उमगत नाही. या खांबांवर जमीन अधांतरी बसवलेली होती, म्हणजे धान्याच्या खालून वारा खेळावा, ओल चढू नये आणि घुशी-उंदरांना लपायला जागा राहू नये. बाहेरच्या भिंतीला जाड टेकू दिलेले दिसतात, कारण आतल्या धान्याचा दाब भिंतीला बाहेर लोटतो. तिसऱ्या शतकात येथे तुंग्री लोकांची पहिली पलटण होती, सुमारे आठशे माणसांची, आजच्या बेल्जियमच्या भागातून मूळ उभारलेली. इतक्या तोंडांचे धान्य या ओल्या हवेत टिकवायचे तर वास्तुकाराने काय करावे, याचे उत्तर त्या आखूड खांबांत आहे. मी खाली वाकून दोन खांबांच्या मधून हात घातला, तेव्हा पलीकडून येणारा गार वारा बोटांना लागला.

तेथून दरवाज्यांकडे जावे. उंबऱ्याच्या दगडावर गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या बोटाने चाचपता येतात आणि कडेला दाराच्या कुसवांचे गोल खळगे दिसतात. सेनाधिकाऱ्याचे घर पाहताना पुणेकराला नवल वाटणार नाही, कारण मधे चौक आणि चारही बाजूंना खोल्या अशी ती चौसोपी रचना आहे. भूमध्य समुद्राकाठच्या उन्हाळी मुलखातला हा घाट रोमनांनी या थंडीत जसाच्या तसा आणला आणि मग ऊब मिळावी म्हणून एका खोलीच्या जमिनीखालून गरम हवा फिरवण्याची सोय केली. बराकींत दोन खोल्यांच्या एका जोडीत आठ माणसे राहत, पुढे सामान आणि मागे झोपणे. दोन खोल्या पावलांनी मोजा आणि तेथे आठ जणांची अंथरुणे मनात घालून पाहा.

शेवटी आग्नेय कोपऱ्यातले शौचकूप. उताराच्या तळाला ते मुद्दाम ठेवले आहेत, म्हणजे वरून आलेले पावसाचे पाणी टाक्यांत साठवून घाण तटाबाहेर वाहून नेता येई. खोल चरावर लाकडी बैठका होत्या, त्या आता नाहीत. समोरचा उथळ पन्हळ धुण्याच्या पाण्याचा. राजगडाच्या तटातले शौचकूप ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही योजना चटकन कळेल.

किल्ल्याच्या पश्चिमेला भिंत कड्याच्या धारेवरून जाते. तो काळा, खांबांसारखा फुटलेला दगड पाहून सह्याद्रीची आठवण होते, आणि ती अस्थानी नाही: तो डोलेराइट आहे, आपल्या बेसॉल्टचाच भाऊबंद. भिंत मात्र वालुकाश्माची आहे. एक गोष्ट जाणून घ्यावी, की येथे दिसणारी बरीच भिंत जॉन क्लेटन (१७९२–१८९०) या जमीनदाराच्या माणसांनी पडलेले दगड पुन्हा रचून उभी केलेली आहे. त्यांनी चुना वापरला नाही, म्हणून त्यांची रचाई ओळखता येते. भिंतीवर कोठेही चढू नये. हाउसस्टेड्सलगतच्या झाडीतला एक छोटा टप्पा तेवढा चालण्यासाठी खुला आहे. आतला भराव सैल असतो आणि एका बुटाने हललेला दगड पुढच्या पावसात खाली येतो. वाटेतली मेंढ्यांची फाटके मागे लावून घ्यावीत, आणि खापराचा तुकडा सापडला तरी तो खिशात न घालता कर्मचाऱ्यांना दाखवावा. आपल्याकडचे बारा किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारशात गेले. त्यांच्या तटांवर नावे कोरलेली पाहून ज्यांचा जीव तुटतो, त्यांना याचे कारण सांगावे लागणार नाही.

दुसऱ्या दिवशीचे विंडोलँडा भिंतीच्या दक्षिणेला आहे आणि तिच्याहून जुने आहे. पहिला लाकडी किल्ला इ. स. ८५ च्या सुमाराचा. एकावर एक असे नऊ किल्ले येथे झाले. प्रत्येक वेळी जुने पाडून वर मातीचा थर घातल्याने खालच्या ओल्या जमिनीत हवा शिरली नाही, आणि एरवी कुजणारे चामडे, लाकूड, कापड टिकून राहिले. संग्रहालयातल्या चामडी जोडे-चपलांच्या कपाटापाशी थांबावे. त्यात लहान मुलांचे जोडही आहेत, आणि किल्ल्यात केवळ सैनिक होते ही समजूत तेथेच सुटते. उन्हाळ्यात स्वयंसेवकांचे उत्खनन चालू असते, ते दोरीबाहेरून पाहता येते. मातीच्या थरांचे बदलणारे रंग पाहावेत आणि खोदणाऱ्यांना प्रश्न विचारावेत. त्यांना सांगायला आवडते.

१९७३ मध्ये येथेच शाईने लिहिलेल्या लाकडी पट्ट्या सापडल्या, एक ते तीन मिलिमीटर जाडीच्या. कोणाला मोजे आणि आतले कपडे पाठवल्याची नोंद, कोणाच्या रजेचा अर्ज, धान्याचा हिशेब. इ. स. १०० च्या सुमारास एका अधिकाऱ्याची पत्नी क्लॉडिया सेव्हेरा हिने विंडोलँडाच्या सेनाधिकाऱ्याची पत्नी सुल्पिकिया लेपिदिना हिला ११ सप्टेंबरच्या आपल्या वाढदिवसाचे आमंत्रण धाडले. मजकूर लेखनिकाचा आहे, पण शेवटच्या ओळी तिने स्वतः लिहिल्या आहेत, आणि स्त्रीच्या हातच्या लॅटिन अक्षरांच्या सर्वांत जुन्या ज्ञात नमुन्यांत त्यांची गणना होते. बहुतेक पट्ट्या लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, म्हणून ते संग्रहालय परतीच्या दिवसासाठी ठेवावे. किल्ल्यातली घरे पाहून झाल्यावर त्या फिकट, वाकड्या ओळी पाहाव्यात, आधी नव्हे.