जुना सिंगल-थ्रेड प्रोग्रॅम मल्टिकोअरवर कसा आणावा

साधारण २००५पासून प्रोसेसरचे गिगाहर्ट्‌झ फारसे वाढलेले नाहीत, वाढले ते कोअर, म्हणजे एकाच चिपमधली स्वतंत्रपणे काम करणारी एककं. म्हणूनच नव्वदच्या दशकात सी किंवा सी++मध्ये लिहिलेला बिलिंगचा प्रोग्रॅम सोळा कोअरच्या मशीनवर टाकला, तर त्यात थ्रेड (सूचनांची एक स्वतंत्र धार) एकच असल्याने एक कोअर राबतो आणि पंधरा नुसते बसून असतात. ‘लूपच्या डोक्यावर ओपनएमपीची (लूपचं काम थ्रेडना वाटून देणारी सोय) एक ओळ टाका, झालं’ असं सांगणाऱ्यांनी असला कोड बहुधा कधी उघडलेलाच नसतो.

आधी प्रोफाइलर लावा, म्हणजे वेळ कोडच्या कोणत्या भागात जातो ते मोजणारं साधन. संगणकतज्ज्ञ जीन अ‍ॅमडालने १९६७मध्ये मांडलेला हिशेब आजही चुकत नाही: ९० टक्के काम समांतर झालं तरी उरलेल्या १० टक्क्यांमुळे वेग दहापटीच्या पुढे जात नाही, कोअर कितीही लावा. सगळा वेळ डिस्कमध्ये जात असेल तर पुढचं वाचूही नका.

खऱ्या डेटावरचं आजचं आउटपुट जपून ठेवा, पुढे ताडून पाहायला लागेल.

आता खरं दुखणं: ग्लोबल आणि स्टॅटिक व्हेरिएबल, ज्यांची प्रोग्रॅममध्ये एकच प्रत असते आणि सगळे थ्रेड तीच वापरतात. माझा सगळ्यात जास्त वेळ नेहमी इथेच जातो. डोळ्यांनी शोधत बसू नका. ऑब्जेक्ट फाइलवर ‘एनएम’ (nm, फाइलमधल्या नावांची यादी देणारी आज्ञा) चालवा आणि डी व बी (D व B, म्हणजे बदलता येणारा डेटा) खुणेची सगळी नावं काढा, मोठ्या आणि लहान दोन्ही अक्षरांतली. फंक्शनच्या पोटात दडलेले स्टॅटिक लहान अक्षराने दिसतात, आणि तेच घात करतात. लायब्ररीतले चोर वेगळे. मजकुराचे तुकडे करणारं स्ट्रटॉक (strtok) आपली जागा आतल्या स्टॅटिकमध्ये लक्षात ठेवतं, वेळेवरून तारीख काढणारं लोकलटाइम (localtime) सगळ्यांना एकाच स्ट्रक्चरचा पत्ता देतं. लिनक्सवर दोन थ्रेड एकदम आले की एका ग्राहकाची तारीख दुसऱ्याच्या बिलावर छापली जाऊ शकते. नावाच्या शेवटी ‘_आर’ (_r) असलेली त्यांची भावंडं वापरा.

सापडलेल्या प्रत्येक ग्लोबलला लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) लावणं हा सर्वात वाईट उपाय. सगळे थ्रेड लॉकपाशी रांग लावतात, प्रोग्रॅम पुन्हा सिंगल-थ्रेड होतो, वर लॉकचा खर्च. दोन लॉक उलटसुलट क्रमाने घेतले गेले तर सगळं जागच्या जागी गोठतं. व्होलाटाइल (व्हेरिएबल दर वेळी मेमरीतूनच वाचायला लावणारा शब्द) लावून हा प्रश्न सुटतो असं कुणी म्हणालं, तर त्याचं पुढचं ऐकू नका.

सगळे ग्लोबल एका स्ट्रक्चरमध्ये घाला, त्याचा पॉइंटर प्रत्येक फंक्शनला द्या आणि प्रत्येक थ्रेडला स्वतःची प्रत द्या. ढीगभर फंक्शनांच्या सह्या, म्हणजे पॅरामीटरच्या याद्या, बदलाव्या लागतात, काम कंटाळवाणं आहे. पण राहिलेली जागा कंपायलरच दाखवतो. थ्रेड_लोकल (प्रत्येक थ्रेडला व्हेरिएबलची आपोआप वेगळी प्रत देणारा शब्द) हा शॉर्टकट तात्पुरत्या बफरपुरता ठीक. एकूण रक्कम त्यात ठेवलीत तर तिचे तुकडे होतात आणि ते जोडायचे कुणी, हे कोडमध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. शिवाय थ्रेड पूलमध्ये (एकदा तयार करून पुन्हा पुन्हा वापरले जाणारे थ्रेड) मागच्या कामाची किंमत पुढच्या कामात शिल्लक राहते.

एवढं होईपर्यंत एकही थ्रेड सुरू करू नका. प्रत्येक बदलानंतर आउटपुट जुन्याशी ताडून पाहा. अक्षराचाही फरक पडता कामा नये.

मग ग्राहकांची यादी तुकड्यांत वाटून थ्रेड पूलला द्या. हे अर्ध्या दिवसाचं काम.

‘माझ्या मशीनवर तर चालतं’ याला इथे किंमत नाही. रेस, म्हणजे दोन थ्रेड एकाच व्हेरिएबलवर एकदम आल्याने होणारी चूक, दर वेळी दिसत नाही. शोधायला प्रिंटएफ घातलं की कधी कधी गायबच होते. जीसीसी किंवा क्लँग कंपायलरचा थ्रेडसॅनिटायझर (रेस पकडणारं साधन) चालू करून बिल्ड करा. प्रोग्रॅम पाच ते पंधरा पट मंदावतो, चालेल. जो कोड प्रत्यक्ष चालला त्यातलीच रेस तो पकडतो, म्हणून चार ओळींच्या टेस्टवर भागवू नका, महिनाअखेरचा पूर्ण डेटा द्या.

बेरजा प्रत्येक थ्रेडने आपापल्या करायच्या, शेवटी एकत्र. रकमा पूर्णांक पैशांत ठेवा; फ्लोटमध्ये बेरजेचा क्रम बदलला की शेवटचे आकडे हलतात. आणि या बेरजा एकाच अ‍ॅरेमध्ये शेजारी-शेजारी ठेवू नका: इंटेल आणि एएमडीवर कॅश लाइन (मेमरीतून एकदम उचलला जाणारा तुकडा) ६४ बाइटची असते, तीच लाइन कोअर एकमेकांकडून ओढत बसतात. उत्तर बरोबर येतं, वेग मात्र येत नाही.