आत्याची रेसिपीची वही कॉम्प्युटरला कळेल अशी कशी मांडायची

वहीच्या पानांचे फोटो काढून फोल्डरात टाकले किंवा सगळं वर्डमध्ये टाइप केलं म्हणजे झालं, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. त्यात ‘साबुदाणा’ सर्च केलं तर साबुदाणा सापडेल, पण ‘उद्या एकादशी आहे, घरात बटाटे आणि दाणे आहेत, काय करू’ याचं उत्तर नाही मिळणार. आत्या हे उत्तर पोळी लाटता लाटता देते, कारण तिच्या डोक्यात पानं नाहीयेत, पदार्थ आहेत आणि त्यांची एकमेकांशी नाती आहेत. आपल्याला ती नाती उतरवायचीयेत. मी आमच्या इंदूरच्या घरातल्या तीन वह्या, मंडळाच्या फराळाची यादी आणि पोटापाण्यासाठी दुकानांचे कॅटलॉग, एवढ्या ठिकाणी हे करून बसलोय, त्यामुळे ‘आधी कुठलं सॉफ्टवेअर घेऊ’ असं कुणी विचारलं की डोकंच फिरतं. एक्सेल घ्या भिया, पुष्कळ झालं.

पायरी १. वही वाचत जा आणि पदार्थ, जिन्नस, भांडं, सण, जे दिसेल ते एकाखाली एक लिहा. एका संध्याकाळचं काम.

पायरी २. प्रत्येकाला नंबर द्या, नावावर विसंबू नका. आमच्याकडे शिकंजी मागितली तर आटवलेल्या दुधाची, सुकामेवा घातलेली, घट्ट अशी येते आणि दिल्लीकडे त्याच नावाने लिंबाचं सरबत येतं, म्हणजे नाव एक, वस्तू दोन, नंबरही दोन. उलट भुट्ट्याचा कीस आणि मक्याचा कीस ही नावं दोन पण नंबर एकच. विकिडेटा, म्हणजे विकिपीडियावाल्यांचा सगळ्यांसाठी खुला माहितीसाठा, २०१२ पासून हेच करतंय, आणि होळकरांमध्ये तीन तुकोजीराव आणि दोन यशवंतराव होऊन गेलेत हे माहीत असलेल्या इंदूरकराला तरी हे वेगळं समजवायला नको.

पायरी ३. तीन कॉलम करा: गोष्ट, नातं, गोष्ट. ‘भुट्ट्याचा कीस, मुख्य जिन्नस, मका.’ बस. १९९९ साली वेबसाठी आरडीएफ नावाचं स्टँडर्ड आलं त्याचाही पाया ही तीन शब्दांची ओळच आहे.

पायरी ४. मधल्या कॉलममधून ‘आहे’ हाकलून द्या.

इथे थांबतो, कारण मी इथेच आपटलो होतो आणि नेटवरचे बहुतेक लेख ही पायरी दोन ओळींत उरकतात. जिलबी गोड आहे. जिलबी हे पक्वान्न आहे. जिलबी ताटात आहे. पोह्यांत शेंगदाणे आहेत. चारही ठिकाणी क्रियापद तेच, पण पहिल्यात गुण सांगितलाय, दुसऱ्यात प्रकार, तिसऱ्यात जागा आणि चौथ्यात घटक. आपल्याला हे वेगळं करायला वेळच लागत नाही म्हणून आपण वेगळं लिहीतही नाही, आणि मशीनला चारही सारखेच दिसतात.

माझ्या पहिल्या शीटमध्ये अर्ध्याहून जास्त ओळींत ‘आहे’ होतं. वर मी हुशारी अशी केली की जे वरच्याला लागू ते खालच्यालाही आपोआप लागू, असा नियम लावला. नियम काही माझा नाही, कॉलिन्स आणि क्विलियन या संशोधकांनी १९६९ मध्ये माणसांवर तपासला होता: ‘कॅनरी गाते’ याला लोक पटकन हो म्हणतात आणि ‘कॅनरीला कातडी असते’ याला जरा जास्त वेळ लागतो, म्हणजे मन कॅनरीवरून पक्षी, पक्ष्यावरून प्राणी असं चढत जात असावं. पुढे १९७३ मध्ये दिसलं की ‘कुत्रा प्राणी आहे’ हे ‘कुत्रा सस्तन आहे’ यापेक्षा लवकर पटतं, खरं तर सस्तन ही पायरी आधी यायला हवी, म्हणजे मन मधल्या पायऱ्या गाळूनही जातं. मशीन गाळत नाही, ते आपल्या लिहिलेल्या प्रत्येक पायरीवर चढतं, मग ती चुकीची का असेना.

तर माझ्या शीटमध्ये शेंगदाणे उपवासाचे ‘आहे’, कांदेपोह्यांचं शेंगदाण्यांशी ‘आहे’, मशीन एकेक पायरी चढलं आणि एकादशीच्या यादीत पहिल्या नंबरला कांदेपोहे. मी न वाचताच प्रिंट काढून आत्याला दिली. तिने चष्मा लावला, यादी वाचली आणि म्हणाली, “बरं झालं रे, आता उपासही त्यालाच धरायला सांग.”

तेव्हा ‘आहे’ लिहायचा मोह झाला की यातलं एक निवडा: प्रकार, घटक, गुण, जागा, वेळ. कुठलं ते कळत नसेल तर वाक्याला ‘प्रत्येक’ लावून बघा. ‘प्रत्येक जिलबी पक्वान्न असते’ हे जमतं, म्हणून प्रकार. ‘प्रत्येक कांदेपोहे शेंगदाणा असतात’ हे वाचतानाच हसू येतं, म्हणून घटक. वरचा नियम फक्त ‘प्रकार’ला लावायचा, ‘घटक’ला चुकूनही नाही.

याच्यापेक्षा चिवट गोंधळ प्रकार आणि नमुना यांचा, त्यात माझा आठवडा गेला. मल्हारराव हे होळकर, होळकर हे घराणं, म्हणून मल्हारराव हे घराणं? वहीत हे असं लपून येतं: पुरणपोळी हा प्रकार आहे, पण आत्याने समासात लिहिलेली ‘शकूच्या डोहाळजेवणाला केली, फाटली’ ती पुरणपोळी नमुना आहे, आणि दोन्ही एकाच नंबरावर टाकलं तर जगातली प्रत्येक पुरणपोळी फाटलेली ठरते. माझी खूण साधी आहे, त्याला तारीख लागते का ते बघा, लागली तर नमुना. विकिडेटात यासाठी पी३१, पी२७९ आणि पी३६१ अशी तीन वेगळी नाती ठेवलीत, नमुना, प्रकार, भाग, आणि तरी तिथेही लोक घोळ घालतातच.

कुणीतरी सांगेल की कळत नसेल तिथे ‘संबंधित’ लिहा. अजिबात लिहू नका. जेवणात सगळंच सगळ्याशी संबंधित असतं, त्यातून काही निघत नाही, ती ओळ कोरी ठेवलेली बरी.

आणि एका पदार्थाला एकच खण हाही हट्ट सोडा. ग्रंथालयात पुस्तकं लावायला ड्यूईने १८७६ साली दशांश पद्धत काढली त्यात पुस्तक शेवटी एका जागी बसवावं लागतं, रंगनाथन यांनी १९३३ च्या कोलन पद्धतीत विषयाचे पैलूच वेगवेगळे केले, त्यात जागा आणि काळ हेही पैलू. आपल्याला इंदूरच्या सराफ्याचं उदाहरण पुरे: दिवसा सोन्याचांदीचा बाजार, रात्री दुकानं बंद झाली की त्यांच्याच समोर खाण्याच्या गाड्या. मग साबुदाण्याची खिचडी उपवासाची की नाश्त्याची की रात्री सराफ्यात उभ्याने खायची? तीन ओळी लिहा. गराडूला (तळून खायचा कंद) ‘वेळ, थंडी’ ही ओळ विसरलात तर मे महिन्यात यादीत गराडू येईल.

पायरी ५. नेहमीचं एकदाच लिहा, अपवाद वेगळा. पोह्यांवर शेव आणि जिरावन मसाला हे धरूनच चालायचं, पुण्याच्या मामींना जिरावन नको ही त्यांची वेगळी ओळ, आणि भांडण झालं तर जवळची ओळ जिंकते. एआयवाल्या मिन्स्कीने १९७४ मध्ये ‘फ्रेम’ म्हणून मांडलं ते साधारण हेच, खाने आधीच भरलेले, कुणी वेगळं सांगेपर्यंत तेच खरे.

पायरी ६. दहा प्रश्न विचारून बघा आणि उत्तरं आत्याला वाचून दाखवा. प्रिंट नंतर.

राहता राहिलं ‘अंदाजाने’ आणि ‘वास सुटला की उतरव’. याचे ग्रॅम आणि मिनिटं करायला जाऊ नका. मी बेसन भाजायला चार मिनिटं लिहिली होती, आमच्या मोठ्या बर्नरवर त्याचा पार कोळसा झाला. आता त्या ओळीत मधल्या कॉलममध्ये ‘आत्या म्हणते’ लिहितो आणि तिसऱ्यात तिचे शब्द जसेच्या तसे.