नागरिक पत्रकारितेत स्वयंसेवी संपादक व्हायचंय? माझा सहा वर्षांचा अनुभव

सामान्य नागरिकांनीच लिहिलेल्या बातम्या प्रसिद्ध करणाऱ्या एका संकेतस्थळाची मी स्वयंसेवी संपादक. 2022 च्या जूनमध्ये माझ्याकडे एक व्हिडिओ आला. छातीभर पाण्यातून एक माणूस डोक्यावर गॅसची टाकी धरून चाललाय, मागे दुकानांच्या पाट्या. पाठवणारी लेखिका बांगलादेशातल्या सिलेटची. तिथे तेव्हा महापूर होता आणि पाट्या बंगालीत होत्या. मी ओळ लिहिली, ‘सिलेट शहरातलं दृश्य’, मजकूर प्रसिद्ध केला आणि झोपले. सकाळी आसाममधल्या सिलचरच्या एका स्वयंसेवकाचा निरोप होता: ‘ताई, हा आमच्या घरामागचा रस्ता आहे.’

चूक माझी होती. लेखिकेला तो व्हिडिओ कुणीतरी पुढे पाठवला होता आणि ‘हा कुणी काढला?’ हे मी तिला विचारलंच नव्हतं.

सिलचरवरून वाहणारी बराक नदी सीमेपाशी दुभंगते, तिचा एक फाटा म्हणजे सुरमा, आणि ही सुरमा सिलेट शहरातून जाते. त्या जूनमध्ये दोन्ही शहरं एकाच सुमारास बुडाली. मी मनाशी धरून चालले होते की आसाम म्हटलं की पाट्या असमिया. दोन्ही लिप्या जवळपास सारख्या, पण ‘र’ वेगळा: बंगालीत अक्षराखाली टिंब, असमियात पोटात तिरकी रेघ. पाट्यांवर टिंब दिसलं आणि मी निर्धास्त झाले. पण बराक खोऱ्याची भाषा बंगालीच आहे. तिच्या हक्कासाठी 19 मे 1961 ला सिलचरच्या रेल्वे स्थानकावर झालेल्या गोळीबारात 11 जणांचा जीव गेला. हे मला ठाऊक असतं तर मी थांबले असते. खरं तर उत्तर त्याच पाट्यांवर होतं. दुकानाचा मोबाईल नंबर दहा आकडी होता; बांगलादेशात तो शून्य-एकने सुरू होतो आणि अकरा आकडी असतो. कडेला बुडालेल्या रिक्षाच्या पाटीवर ‘एएस 11’ होतं, म्हणजे आसाममधला कछार जिल्हा, सिलचर त्यातच येतं. व्हिडिओ थांबवून पाहिला असता तर पाच मिनिटांचं काम.

मी सांगलीची. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं तेव्हा फोनवर फिरणारे कितीतरी व्हिडिओ आमच्याकडचे नव्हतेच. तेव्हा किती संताप झाला होता! तीच गोष्ट माझ्या हातून सिलचरच्या लोकांच्या बाबतीत झाली. आम्ही मजकुराच्या वरच, तारखेसह, काय चुकलं होतं आणि काय बदललं ते लिहिलं. गुपचूप दुरुस्ती कधीही करू नका. ज्यानं काल वाचलं त्याला आज कळायला हवं.

आता या कामाची थोडी ओळख. या क्षेत्रातलं सर्वांत परिचित नाव ग्लोबल व्हॉइसेस, जगभरच्या स्वयंसेवी लेखक-अनुवादकांचं संकेतस्थळ. 2004 च्या अखेरीस अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या बर्कमन सेंटर या संशोधन केंद्रात इथन झुकरमन आणि रिबेका मॅकिनन यांनी त्याचा पाया घातला. त्याआधी 2000 मध्ये दक्षिण कोरियात ओमायन्यूज सुरू झालं होतं; सामान्य नागरिकांनी बातम्या लिहायच्या आणि संपादकांनी त्या तपासायच्या, असा त्याचा घाट. मी याच धाटणीच्या, पण खूप लहान संकेतस्थळासाठी दक्षिण आशियाचे मजकूर पाहते. बहुतेक सगळे बिनपगारी. माझे आठवड्याचे सात-आठ तास जातात, पावसाळ्यात जास्त. मानधनाची अपेक्षा ठेवून येऊ नका, हे आधीच स्पष्ट सांगते.

संपादन म्हणजे व्याकरण सुधारणं, असं नवख्यांना वाटतं. ते सर्वांत सोपं. अवघड आहे ते लांबच्या वाचकाचं भान. आपला लेखक ‘बंद’, ‘लाख’, ‘तहसीलदार’ सहज लिहून जातो. बोलिव्हियातला वाचक तिथेच अडतो. लाख-कोटीचे दशलक्ष करताना शून्य चुकलं तर पूरग्रस्त दहापट होतात, म्हणून आकडा मी दोनदा कागदावर मांडते. पण सगळंच सपाट करू नका. एका लेखातली आजी नदीला ‘आई रागावली’ म्हणाली होती. अनुवादकानं ‘नदीची पातळी वाढली’ केलं. मी आजीचे शब्द परत आणले आणि तिचं मूळ वाक्य तिच्या भाषेत शेजारी ठेवलं. ज्याला ती भाषा येते तो पडताळून पाहील. समाजमाध्यमावरची नोंद उद्धृत करतानाही हीच पद्धत ठेवा.

लेखकाचा सूर बदलू नका. मी सुरुवातीला अख्खे परिच्छेद स्वतःच्या पद्धतीनं लिहून टाकत असे. एक नेपाळी मुलगा तीन लेखांनंतर लिहायचाच थांबला. विचारलं तर म्हणाला, ‘दिदी, त्यात माझं काही उरतच नाही.’ तेव्हापासून मी समासात प्रश्न लिहिते: हे कुणी सांगितलं? तू तिथे होतास का? वाक्य त्यानंच बदलायचं. वेळ दुप्पट लागतो, पण दहाव्या लेखापर्यंत तो माणूस तयार होतो. आणि उत्तर दोन दिवसांत द्याच, निदान ‘मिळालं, रविवारी पाहते’ एवढं तरी. बिनपगारी माणसाला ताटकळत ठेवण्याचा आपल्याला काहीही अधिकार नाही.

सर्वांत जड जबाबदारी लेखकाच्या जिवाची. इथिओपियात ‘झोन नाइन’ नावाचा ब्लॉगर्सचा गट होता. कालिती तुरुंगाचे आठ विभाग, आणि नववा म्हणजे भिंतीबाहेरचा अख्खा देश, असा त्या नावाचा अर्थ. 2014 च्या एप्रिलमध्ये त्यांच्यातल्या सहा जणांना आणि तीन पत्रकारांना अटक झाली. काही जण ग्लोबल व्हॉइसेसचे स्वयंसेवक होते. शेवटच्यांना बाहेर यायला 2015 चा ऑक्टोबर उजाडला. त्याच वर्षी मे महिन्यात सिलेटमध्ये ब्लॉगलेखक अनंत बिजॉय दास यांची भररस्त्यात हत्या झाली. म्हणून नाव छापायचं की नाही हे मी प्रत्येक लेखाला नव्यानं विचारते, गेल्या वेळचा होकार धरून चालत नाही. फोटोत दडलेली जागेची आणि वेळेची माहिती काढून टाकते. फोटोतली इतर माणसं, मागचं घर, शाळेचा गणवेश पाहते. लेखक उत्साहात ‘छापा माझं नाव’ म्हणतो, तेव्हा एक रात्र जाऊ देते आणि सकाळी परत विचारते. चांगला मजकूर यापायी दोनदा सोडून द्यावा लागला. त्याची मला खंत नाही.

सुरुवात करायची असेल तर थेट संपादक होऊ नका. आधी सहा महिने अनुवाद करा. दुसऱ्याचं वाक्य शब्दाशब्दानं उलगडताना ते कुठे पोकळ आहे ते कळतं. मग स्वतः दोन-तीन लेख लिहून दुसऱ्याकडून तपासून घ्या. मराठीबरोबर शेजारची एखादी भाषा शिका. मी त्या चुकीनंतर बंगाली अक्षरं गिरवली, आता पाट्या वाचता येतात.

सिलेटची ती लेखिका अजून लिहिते. व्हिडिओबरोबर आता कुणी, कुठल्या गल्लीत, किती वाजता काढला ते कळवते. आणि पुराचा मजकूर असला की माझ्याआधी तो सिलचरचा स्वयंसेवक वाचतो.