लाराव्हेलचे फोल्डर हलवताय? या चुका टाळा

लाल अक्षरांत एरर आली की अर्धं काम झालेलं असतं. फाईलचं नाव समोर असतं, ओळीचा आकडा असतो, तिथे जायचं आणि दुरुस्त करायचं. डोकं फिरतं ते एरर न देणाऱ्या बिघाडाने. साईट उघडते, पानं दिसतात, कुठे काही मोडलंय असं वाटतच नाही, आणि तरी एक काम होत नसतं. लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कच्या (साईट बांधायच्या तयार सांगाड्याच्या) फोल्डर-रचनेत होणाऱ्या बऱ्याच चुका या जातीच्या आहेत. खाली लिहिलेल्या बहुतेक मी स्वतः करून बसलोय.

ही रचना आजवर इतक्यांदा बदलली की मोजायला बोटं कमी पडतील. फेब्रुवारी २०१५ मध्ये पाचव्या आवृत्तीने मॉडेल्सचा (डेटाबेसच्या टेबलांशी बोलणाऱ्या क्लासेसचा) फोल्डर काढला आणि यूजर.पीएचपी थेट ॲप फोल्डरमध्ये आणून ठेवली. २०१६ मध्ये ५.३ आली आणि रूट्सची (कोणत्या पत्त्यावर कोणता कोड चालायचा त्याची) फाईल ॲप/एचटीटीपीमधून बाहेर पडून तिला स्वतःचा फोल्डर मिळाला. सप्टेंबर २०२० मध्ये आठव्या आवृत्तीत मॉडेल्सचा फोल्डर परत आला, जणू मधली साडेपाच वर्षं काही घडलंच नव्हतं. २०२२ मध्ये नवव्या आवृत्तीने लँग फोल्डर रिसोर्सेसमधून काढून मुळाशी आणला. आणि मार्च २०२४ मध्ये अकराव्या आवृत्तीने घरच रिकामं केलं: एचटीटीपी कर्नल (साईटवर येणारी विनंती हाताळणारी फाईल), कन्सोल कर्नल (कमांड आणि वेळापत्रकाची फाईल), एक्सेप्शन हँडलर, मिडलवेअरचा (विनंती आत येताना तपासणाऱ्या कोडचा) फोल्डर, रूट सर्व्हिस प्रोव्हायडर, सगळं नव्या प्रोजेक्टमधून गायब. त्यांची बरीचशी कामं बूटस्ट्रॅप/ॲप.पीएचपी या एका फाईलकडे आली.

याचा परिणाम असा की यूट्यूबवरचा धडा आठव्या आवृत्तीचा, स्टॅक ओव्हरफ्लोवरचं उत्तर पाचव्याचं आणि हातातला प्रोजेक्ट बाराव्याचा. तिन्ही आपापल्या जागी बरोबर, एकत्र केले की खिचडी. म्हणून कुठलीही दुरुस्ती करण्याआधी बूटस्ट्रॅप/ॲप.पीएचपी उघडा. आत ॲप्लिकेशन::कॉन्फिगर आणि त्याला जोडून विथरूटिंग, विथमिडलवेअर अशी साखळी दिसली तर रचना नवी. न्यू ॲप्लिकेशन आणि खाली तीन सिंगलटन दिसले तर जुनी. कंपोजर.जेसनमधल्या (पॅकेजेसच्या यादीतल्या) आवृत्तीच्या आकड्यावरून ठरवू नका. तिथे १२ असूनही रचना जुनी असू शकते, आणि त्यात काही चूक नाही.

अपग्रेड करताना घरही बदलू नका

दहावरून अकरावर जाताना अनेकांना वाटतं की आता कर्नल वगैरे काढून सगळं नव्या पद्धतीने मांडलंच पाहिजे. मुळीच नाही. लाराव्हेलच्या अपग्रेड गाईडमध्येच लिहिलंय की दहाव्या आवृत्तीच्या प्रोजेक्टची रचना बदलण्याची शिफारस आम्ही करत नाही, फ्रेमवर्क जुनी रचनाही चालवून घेतं. तरीही लोक बदलतात, कारण नवी रचना सुटसुटीत दिसते. दिसते खरी. पण आवृत्ती आणि रचना एकाच दिवशी बदलल्या आणि काही मोडलं, तर दोष कशाचा हे शोधण्यात आठवडा जातो. हौस असेलच तर आधी आवृत्ती वाढवा, पंधरा दिवस साईट नीट चालू द्या, मग वेगळ्या ब्रँचमध्ये रचनेला हात घाला.

मेलेली कर्नल फाईल

स्पर्धा परीक्षांच्या एका क्लासची साईट करत होतो. फीची मुदत संपलेल्या विद्यार्थ्याला सराव परीक्षा उघडू द्यायची नाही, एवढं साधं काम. प्रोजेक्ट अकराव्या आवृत्तीचा, ताजा. पण हाताला सवय जुनी. ॲप/एचटीटीपीमध्ये कर्नल.पीएचपी नाही म्हटल्यावर जुन्या प्रोजेक्टमधून उचलून आणली, वेब गटाच्या यादीत माझं मिडलवेअर टाकलं आणि झोपलो. चार दिवसांनी क्लासच्या ऑफिसमधून फोन: "सर, फी न भरलेली मुलं पण टेस्ट देतायत."

मिडलवेअरमध्ये डीडी (तिथेच थांबून किंमत दाखवणारं फंक्शन) टाकून पाहिलं, काही नाही. लॉग टाकला, लॉग रिकामा. शेवटी वैतागून कर्नल.पीएचपीच्या मधोमध "काहीही" असं लिहिलं, ना कोट ना अर्धविराम. साईट मजेत चालू! तेव्हा उजेड पडला. नव्या रचनेत ॲप्लिकेशन::कॉन्फिगर हे फ्रेमवर्कच्या आतली कर्नल जोडतं. तुमच्या फोल्डरमधली कर्नल कोणी उघडूनसुद्धा बघत नाही.

ही युक्ती मी तेव्हापासून मुद्दाम वापरतो. एखादी फाईल वाचली जाते की नाही अशी शंका आली की आपल्या मशीनवर, लाईव्ह सर्व्हरवर नव्हे, तिच्यात एक मोडकी ओळ टाकायची. काहीच बिघडलं नाही तर ती फाईल शोभेची. सभ्य मार्ग हवा असेल तर आर्टिसन या लाराव्हेलच्या कमांड-साधनाची रूट:लिस्ट कमांड दोन व्ही लावून चालवा. प्रत्येक रूटवर कोणकोणतं मिडलवेअर बसलंय ते गट उलगडून दिसतं. योग्य जागा म्हणजे बूटस्ट्रॅप/ॲप.पीएचपीमधलं विथमिडलवेअर. तिथे वेब गटाला ॲपेंड करायचं.

एक गंमत बघा. तेच मिडलवेअर मी टोपणनाव देऊन रूटवर लावलं असतं आणि टोपणनावाची नोंद त्या मेलेल्या कर्नलमध्ये केली असती, तर लगेच "टार्गेट क्लास डझ नॉट एग्झिस्ट" अशी एरर आली असती. गटात टाकल्यामुळे गप्प राहिलं.

कन्सोल कर्नलचंही तेच. शेड्यूल मेथडमध्ये रात्रीचा बॅकअप लिहिलेला, सर्व्हरवरचा क्रॉन (ठरल्या वेळी कामं चालवणारा) दर मिनिटाला इमानदारीने धावतोय, आणि बॅकअप एकही नाही. शेड्यूल:लिस्ट चालवली की खरं कळतं. नव्या रचनेत ही कामं रूट्स/कन्सोल.पीएचपीमध्ये लिहितात. हँडलर.पीएचपीमधलं एररचं काम विथएक्सेप्शन्समध्ये जातं.

एपीआयचा ४०४ हा याच कुटुंबातला, पण निदान ओरडणारा. अकराव्या आवृत्तीपासून रूट्स/एपीआय.पीएचपी आपोआप मिळत नाही. नुसती फाईल तयार करून भागत नाही, विथरूटिंगमध्ये तिचा उल्लेख लागतो. इन्स्टॉल:एपीआय ही कमांड दोन्ही करते, वर सॅंक्टम हे टोकनने लॉगिन तपासणारं पॅकेजही बसवते.

डेटाबेसला कोणी सांगितलं?

मॉडेल ॲप फोल्डरमधून ॲप/मॉडेल्समध्ये हलवलं, नेमस्पेस (क्लासचा पत्ता) बदलली, सगळीकडे शोधून जुन्या जागी नवं नाव घातलं, कॉन्फिग/ऑथमध्येही बदललं. टेस्ट पास. लाईव्ह केलं आणि प्रत्येक लेखाखालच्या प्रतिक्रिया नाहीशा. एरर नाही, फक्त "० प्रतिक्रिया".

पॉलिमॉर्फिक नात्यात (एकच टेबल अनेक मॉडेल्सना जोडलेलं असतं तिथे) लाराव्हेल टेबलच्या टाईप कॉलममध्ये क्लासचं पूर्ण नाव साठवतं. जुन्या ओळींत "ॲप\पोस्ट" आहे, नवा कोड "ॲप\मॉडेल्स\पोस्ट" शोधतोय, सापडत नाही म्हणून रिकामी यादी देतो. त्याच्या दृष्टीने सगळं बरोबर. टेस्टमध्ये हे पकडलं जात नाही, कारण टेस्टचा डेटाबेस दर वेळी नव्या नावानेच भरतो. रोल-परमिशनची पॅकेजेस, ॲक्टिव्हिटी लॉग, नोटिफिकेशन्स, टोकन्स, जिथे जिथे कॉलमच्या नावाच्या शेवटी "टाईप" आहे तिथे हे तपासा. नोटिफिकेशन्सच्या टेबलमध्ये तर नोटिफिकेशनच्या स्वतःच्या क्लासचंही नाव असतं.

दुरुस्ती मायग्रेशनमध्ये (डेटाबेसमधले बदल करणाऱ्या फाईलमध्ये) लिहा, म्हणजे प्रत्येक सर्व्हरवर आपोआप होईल. पीएचपीमायॲडमिनमध्ये हाताने क्वेरी मारणार असाल तर एक खड्डा आहे. मायएसक्यूएल उलटी तिरकी रेघ एस्केपची खूण समजतं, त्यामुळे एकच रेघ लिहिली तर ती गिळून टाकतं आणि "ॲपपोस्ट" शोधत बसतं. बदललेल्या ओळी शून्य. आपल्याला वाटतं, जुना डेटा नव्हताच बहुतेक. रेघ दोनदा लिहायची.

आणि हे एकदा निस्तरलंच आहे तर मॉर्फ मॅप (क्लासेसच्या छोट्या नावांची यादी) लावून टाका आणि जुन्या ओळींतली नावंही त्याप्रमाणे बदला, म्हणजे टेबलमध्ये क्लासच्या पत्त्याऐवजी "पोस्ट" एवढंच छोटं नाव राहील. पुढच्या वेळी फोल्डर कुठेही न्या. एनफोर्समॉर्फमॅप वापरलंत तर यादीत नसलेलं मॉडेल आलं की सरळ एक्सेप्शन येतं, गप्प राहत नाही. मला हेच आवडतं.

रांगेतल्या जॉब्जमध्येही (मागे नंतर चालणाऱ्या कामांमध्येही) क्लासची नावं कोरलेली असतात. डिप्लॉय करण्याआधी रांग रिकामी होऊ द्या, नंतर क्यू:रीस्टार्ट द्या. नाहीतर वर्कर (ते जॉब्ज चालवणारा प्रोग्रॅम) जुनाच कोड डोक्यात धरून बसतो.

नवी कॉन्फिग, जुनी एनव्ही

नव्या प्रोजेक्टमधला अख्खा कॉन्फिग फोल्डर उचलून जुन्यावर टाकणं हा आणखी एक आवडता उद्योग. अकराव्या आवृत्तीच्या कॅश.पीएचपीमध्ये .एनव्ही फाईलमधलं (तिथे सर्व्हरची सेटिंग्ज आणि पासवर्ड असतात) कॅश_ड्रायव्हर वाचलंच जात नाही, तिथे आता कॅश_स्टोअर आहे. तुमच्या एनव्हीत जुनं नाव, त्यामुळे किंमत मिळत नाही आणि लाराव्हेल नव्या डीफॉल्टवर जातं, म्हणजे डेटाबेसवर. मग "कॅश टेबल नाही" अशी एरर येते आणि माणूस मायग्रेशनमध्ये चूक शोधत बसतो. ब्रॉडकास्टचंही नाव असंच बदललंय.

फाईल्सच्या बाबतीत हे जास्त बोचतं. नव्या रचनेत लोकल डिस्कचा मुक्काम स्टोरेज/ॲपऐवजी स्टोरेज/ॲप/प्रायव्हेट आहे. बाराव्या आवृत्तीत तर तुमच्या फाईलसिस्टम्स.पीएचपीमध्ये लोकल डिस्क लिहिलेलीच नसेल तरी हाच मुक्काम धरला जातो. जुनी बिलं डिस्कवर सुखरूप असतात, फक्त साईटला सापडत नाहीत. लोकल डिस्कचा जुना मार्ग कॉन्फिगमध्ये स्पष्ट लिहा, नाहीतर फाईल्स हलवा. कॉन्फिग फाईल्स कधीही पूर्ण बदलू नका, जुनी आणि नवी शेजारी ठेवून ओळ-ओळ ताडून बघा.

मराठी गायब, इंग्रजी हजर

लँग फोल्डर मुळाशी आला तरी लाराव्हेलने जुन्यांची सोय ठेवलीय: रिसोर्सेसच्या आत लँग नावाचा फोल्डर असेल तर तोच वापरला जातो. बाहेरच्याकडे ढुंकूनही पाहिलं जात नाही. मी मराठी मजकुराची एमआर.जेसन बाहेरच्या नव्या फोल्डरमध्ये ठेवली. लॅपटॉपवर सगळं मराठीत, सर्व्हरवर "पासवर्ड इज रिक्वायर्ड". कारण सर्व्हरवर फाईल्स एफटीपीने चढवल्या होत्या. एफटीपी नवं टाकतं, जुनं काढत नाही. रिसोर्सेसमधला रिकामा लँग फोल्डर तिथे तसाच पडून होता, आणि लाराव्हेल फोल्डर आहे की नाही एवढंच बघतं, आत काही आहे की नाही ते नाही. फोल्डर उडवला, मराठी परत आली.

पब्लिक_एचटीएमएलचा घोळ

स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर अख्खा प्रोजेक्ट पब्लिक_एचटीएमएलमध्ये ओतणं बंद करा. साईटच्या पत्त्यापुढे कोणी .एनव्ही लिहिलं तर डेटाबेसचा पासवर्ड ब्राउझरमध्ये उघडा पडू शकतो. प्रोजेक्ट एक पायरी वर ठेवा आणि डोमेनचा डॉक्युमेंट रूट पब्लिक फोल्डरकडे वळवा. होस्ट ते करू देत नसेल तरच पब्लिकमधला माल पब्लिक_एचटीएमएलमध्ये न्या आणि इंडेक्स.पीएचपीमधले मार्ग बदला.

इतकं केल्यावर "व्हीट मॅनिफेस्ट नॉट फाउंड" (जेएस-सीएसएस फाईल्सची यादी सापडली नाही) येतं, कारण लाराव्हेलच्या मते पब्लिक फोल्डर अजून जुन्याच जागी आहे. यूजपब्लिकपाथने नवी जागा सांगायची. ते इंडेक्स.पीएचपीमध्ये नको, बूटस्ट्रॅप/ॲप.पीएचपीमध्ये लिहा: साखळीचं उत्तर व्हेरिएबलमध्ये घ्या, त्याच्यावर यूजपब्लिकपाथ चालवा, मग परत करा. इंडेक्समध्ये लिहिलंत तर आर्टिसनला पत्ता लागत नाही, आणि स्टोरेज:लिंक जुन्या फोल्डरमध्ये लिंक करून मोकळं होतं.

लिनक्स सर्व्हरच्या एररमध्ये "सी:\झॅम्प" दिसलं तर हसू नका. लॅपटॉपवरचा बूटस्ट्रॅप/कॅश फोल्डर वर चढलाय. कॅश केलेल्या कॉन्फिगमध्ये पूर्ण मार्ग लिहिलेले असतात. ऑप्टिमाईझ:क्लिअर चालवा. आर्टिसनच उघडत नसेल तर त्या फोल्डरमधल्या पीएचपी फाईल्स हाताने उडवा, त्या परत बनतात.

स्मॉल एम, कॅपिटल एम

लॅपटॉपवर चालतं आणि सर्व्हरवर "क्लास नॉट फाउंड" येतं, तेव्हा आधी स्पेलिंगमधली स्मॉल-कॅपिटल अक्षरं बघा. विंडोजला मॉडेल्सचा एम स्मॉल असला काय नि कॅपिटल असला काय, सारखंच. लिनक्सला ते दोन वेगळे फोल्डर वाटतात. तुम्ही लॅपटॉपवर फोल्डरचं नाव नीट केलंत तरी विंडोजवरचा गिट तो बदल धरतच नाही, कमिट रिकामी जाते. गिटकडे कोणतं नाव आहे ते एलएस-फाईल्स कमांडने बघा, एक्सप्लोररमध्ये नव्हे. मग गिटच्या एमव्ही कमांडने दोन पायऱ्यांत नाव बदला: आधी मॉडेल्स_तात्पुरतं, मग कॅपिटल एमचं मॉडेल्स. पुश करा, सर्व्हरवर पुल करा आणि तिथे कंपोजरचं डंप-ऑटोलोड ओ लावून चालवा. एखादी फाईल अजून चुकीच्या फोल्डरमध्ये असेल तर ती पीएसआर-४ मध्ये (क्लासचं नाव आणि फोल्डर जुळवण्याच्या नियमात) बसत नाही म्हणून वगळली, असं कंपोजर नावानिशी सांगतो.