वाढदिवसाचे चहापान, गावातल्या घरी आणि निगुतीने

गावात लहान मुलांचा वाढदिवस आता फुगे, बॅनर आणि केक यांसह थाटात होतो; आईचा, सासूबाईंचा किंवा मोठ्या जाऊबाईंचा वाढदिवस मात्र औक्षण आणि एखादा गोड पदार्थ एवढ्यावर आटोपतो, आणि तो पदार्थही बहुधा त्यांनाच रांधावा लागतो. अशा घरच्या वडीलधाऱ्या बाईंसाठी आठ-दहा जवळच्या माणसांना बोलावून दुपारचे देखणे चहापान करणे फारसे खर्चाचे नाही. त्याला मी एकच अट घालते. जिचा वाढदिवस आहे ती आणि जिने बोलावले आहे ती, अशा दोघीही पहिल्या कपापासून शेवटच्या कपापर्यंत पाहुण्यांसोबत बसलेल्या असाव्यात. उंची कपबश्या नसल्या तरी चालेल, परंतु यजमानीण ओट्यापाशी उभी आणि पाहुण्या बाहेर ताटकळत बसलेल्या, असे झाले तर सगळी शोभा जाते.

दुपारच्या चहापानाची ही रीत इंग्लंडातली. 1840च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस अ‍ॅना यांनी ती रूढ केली असे मानतात. दुपारचे हलके जेवण आणि रात्री आठनंतरचे मोठे जेवण यांच्यामधला काळ फार लांबत असे, म्हणून त्या चार-पाचच्या सुमारास चहा, पाव-लोणी आणि केक मागवीत, आणि पुढे मैत्रिणींनाही बोलावू लागल्या. आपल्या शेतकरी घरांतही अकरा-बाराला जेवण होते आणि रात्रीचे ताट आठ-साडेआठला वाढले जाते, म्हणजे मधली पोकळी तीच आहे. हे लक्षात ठेवले की प्रमाण चुकत नाही. पदार्थ थोडे, लहान आणि हाताने उचलून खाण्याजोगे असावेत. रात्रीच्या जेवणाची भूक शिल्लक राहिली पाहिजे.

दिवस ठरवताना आपल्याकडे एक सोय आहे, ती म्हणजे वाढदिवस तिथीनेही करता येतो आणि तारखेनेही. दोन्हींपैकी जो दिवस सोयीचा असेल तो घ्यावा. ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी आणि नोव्हेंबर-डिसेंबरात कापसाची वेचणी चालू असताना बायकांना चार वाजता शेतातून येणे जमत नाही; त्या दिवसांत गावातल्या खाड्याचा, म्हणजे शेतकामाच्या सुट्टीचा, दिवस कोणता, हे आधी विचारून घ्यावे. बाजाराचा दिवस सहसा टाळावा. चतुर्थी, एकादशी किंवा गुरुवार आला तर उपवास करणाऱ्या किती आहेत हेही पाहावे, कारण ऐन वेळी चौघींच्या बशीत केळ्याशिवाय काही वाढता आले नाही तर बोलावणाऱ्यालाच वाईट वाटते. ऋतू म्हणाल तर दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास असताना चारचा चहा कोणालाच सुखाचा नाही. तेव्हा तो सहा-साडेसहानंतर अंगणात ठेवावा. हिवाळ्यात याच्या उलट घाई असते. डिसेंबरात साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळतो आणि लगेच गारठा पडतो, म्हणून साडेतीनचे बोलावणे द्यावे, म्हणजे चारपर्यंत सगळ्या येतात. बोलावणे फोनवर न देता घरी जाऊन द्यावे.

बसायला छपरी किंवा सावलीचे अंगण उत्तम. स्वच्छ सतरंजी आणि समोर चौरंग ही बैठक दिसायला सुरेख असली तरी पन्नाशीपुढच्या बहुतेक बायकांचे गुडघे आता जमिनीवर बसू देत नाहीत, त्यामुळे पाठीच्या खुर्च्या शेजारून मागून आणाव्यात. टेबलावर पांढरी किंवा फिक्या रंगाची धुतलेली, कडक इस्त्रीची चादर पुरते. फुले बागेतलीच घ्यावीत. हिवाळ्यात शेवंती असते, तिचा बुटका गुच्छ पितळी गडव्यात ठेवावा, म्हणजे समोरासमोर बसलेल्यांना एकमेकींचे चेहरे दिसतात. पदार्थ मांडायला इंग्रजी पद्धतीचा तीन मजली स्टँड विकत घेण्याचे काही कारण नाही. उलटा पाट, त्यावर लहान चौरंग अशा उंच-सखल जागा करून त्यावर काशाची किंवा स्टीलची ताटे मांडली तर तेच काम होते. कल्हई नसलेल्या पितळी ताटात मात्र लिंबू, चिंच किंवा दही असलेला पदार्थ ठेवू नये, तो कळकतो. प्रत्येक ताटावर जाळीचे झाकण हवेच, आणि मुंग्यांचा त्रास असेल तर टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवावेत.

या चहापानात तीन प्रकार क्रमाने येतात: आधी तिखट-मिठाचे सँडविच, मग स्कोन नावाचा मऊ, कमी गोड पाव साय आणि मुरंब्यासोबत, आणि शेवटी गोड.

काकडीचे सँडविच हा त्यातला जुना पदार्थ, आणि तो बिघडतो फक्त पाण्यामुळे. काकडी सोलून कागदासारख्या पातळ चकत्या कराव्यात, चिमूटभर मीठ लावून चाळणीत पंधरा मिनिटे ठेवाव्यात आणि स्वच्छ फडक्यात दाबून कोरड्या कराव्यात. पावाच्या स्लाइसवर मऊ लोणी अगदी कडेपर्यंत लावावे. लोण्याचा थर ओल आत जाऊ देत नाही. कडा काढून प्रत्येक सँडविचच्या तीन लांबट पट्ट्या कराव्यात आणि वर किंचित ओले, घट्ट पिळलेले मलमल झाकावे. तालुक्याहून पाव आदल्या दिवशी आणलेला असला तर उलट चांगले, तो सरळ कापला जातो. दुसरा प्रकार आपल्या चवीचा करावा: दह्याच्या चक्क्यात जवसाची चटणी आणि बारीक चिरलेला सांबार (कोथिंबीर) कालवून तो पावात भरावा. माणशी चार पट्ट्या पुरतात. हिवाळ्यात सांबार स्वस्त आणि कोवळा असतो, तेव्हा त्यासोबत बोटभर लांबीची सांबारवडी ठेवावी. ती दोन-अडीच वाजता तळून झाली पाहिजे. निवल्यावरही तिची चव जात नाही, हाच तिचा मोठा गुण.

स्कोनसाठी 250 ग्रॅम मैदा, अडीच चहाचे चमचे बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि दोन मोठे चमचे साखर एकत्र चाळून घ्यावी. 50 ग्रॅम थंड लोणी बोटांच्या टोकांनी मैद्यात चोळून रवाळ करावे, 140-150 मिलिलिटर थंड दुधाने हलक्या हाताने गोळा करावा आणि पोळीच्या कणकेसारखे मुळीच मळू नये, कारण मळल्याने मैद्याला चिवटपणा येतो. बोटाच्या दीड पेराएवढी जाड थापी करून वाटीने गोल कापावेत. ओव्हन असेल तर 220 अंशांवर 12 ते 15 मिनिटे. नसेल तर जाड बुडाच्या कढईत मिठाचा थर देऊन, त्यावर तिवई ठेवून, झाकण लावून मध्यम आचेवर दहा मिनिटे आधी तापवावी आणि मग थोडे थोडे करून 20-25 मिनिटे भाजावेत. यात अंडे नाही, हे पाहुण्यांना आधीच सांगावे. इतकी खटपट नको असेल तर नानकटाई किंवा वर्ध्याचा गोरसपाक (एक प्रकारचे बिस्किट) ठेवावा. गाईच्या तुपातला खुसखुशीत गोरसपाक कोऱ्या चहासोबत इतका चांगला लागतो की मला तर तोच स्कोनपेक्षा अधिक आवडतो.

स्कोनवर इंग्लंडात डेव्हन आणि कॉर्नवॉलची घट्ट साय घालतात. दूध किंवा मलई मंद आचेवर तापवून सावकाश निववली की वर धरणारा थर तो हाच, म्हणजे आपल्या म्हशीच्या दुधाची जाड साय त्याच्या अगदी जवळची. आदल्या रात्रीची साय चमच्याने हलकी फेटून वाटीत काढावी. मुरंबा संत्र्याचा करावा आणि तो आठवडाभर आधीच करून ठेवावा. एक किलो संत्री सोलावी, तीन सालींची आतली पांढरी बाजू खरवडून काढावी, साली सुईसारख्या बारीक चिराव्यात आणि दोनदा पाणी बदलून उकळाव्यात, म्हणजे कडूपणा बेताचा राहतो. फोडींच्या बिया आणि पापुद्रे काढून गर, 600 ग्रॅम साखर, दोन लिंबांचा रस आणि उकडलेली साल एकत्र शिजवावी. झाला की नाही ते पाहण्यासाठी एक बशी पाण्यात गार करून पुसावी, तिच्यावर थेंब टाकावा, मिनिटभर थांबावे आणि बोटाने हळूच ढकलावे. थेंबाच्या वरच्या पापुद्र्याला सुरकुती पडली की लगेच आच बंद करावी. आणखी दोन मिनिटे शिजला तर मुरंब्याची चिक्की होते.

गोडाला संत्रा बर्फीचे लहान चौकोन आणि एक बिनअंड्याचा साधा केक, एवढे पुष्कळ झाले.

आता चहा. किटलीत पाने भिजवून केलेला कोरा चहा आणि आपला आल्याचा उकळलेला चहा, असे दोन्ही ठेवावेत. सत्तरीच्या आजींना नव्या चवीचा आग्रह करू नये. दहा जणींना साधारण पंचवीस कप लागतात असे धरावे. कोऱ्या चहासाठी सीटीसीची बारीक दाणेदार भुकटी उपयोगाची नाही, तिचा अर्क फार लवकर आणि कडक उतरतो. त्यासाठी आसाम किंवा दार्जिलिंगचा पानांचा चहा शहरातून मागवावा. 150 मिलिलिटरच्या कपाला दोन ग्रॅम, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा पाने पुरतात. किटली गरम पाण्याने आधी विसळावी, नुकतेच उकळलेले पाणी ओतावे, आसामचा चहा चार मिनिटे आणि दार्जिलिंगचा तीन मिनिटे मुरू द्यावा आणि मग गाळून तापवलेल्या दुसऱ्या किटलीत काढावा. पाने तशीच पाण्यात राहिली तर दुसरा कप तुरट होतो, आणि बहुतेक घरांत कोरा चहा नावडता होण्याचे कारण हेच असते. दुसऱ्या किटलीला घट्ट विणलेली लोकरी टोपी घातली तर चहा अर्धा तास तरी गरम राहतो, आणि यजमानीण जागची हलत नाही.

पाण्याकडे विशेष लक्ष द्यावे. बोअरचे जड पाणी वापरले तर चहाचा रंग मळकट येतो आणि वर तवंग धरतो. त्यासाठी फिल्टरचे पाच लिटर पाणी आणून ठेवावे. दूध गरम करून वेगळ्या भांड्यात द्यावे आणि साखरही वेगळी ठेवावी, म्हणजे मधुमेह असलेल्या पाहुणीला चारचौघींत काही सांगावे लागत नाही. लिंबाच्या चकत्या ठेवल्यास दूध आणि लिंबू एकाच कपात घालू नये हे मुलींना आधी सांगून ठेवावे. संध्याकाळी चहाने झोप उडते अशी तक्रार असणाऱ्यांसाठी गवती चहाचा काढा असावा.

सगळ्या आल्यावर पहिल्यांदा औक्षण. वाढदिवसाच्या बाईंना पाटावर किंवा खुर्चीत पूर्वेकडे तोंड करून बसवावे, ताम्हणात निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी, हळद-कुंकू आणि अक्षता घ्याव्यात आणि वयाने सर्वांत मोठ्या बाईंनी आधी ओवाळावे. ज्योत फुंकणे अनेक घरांत अशुभ मानतात. तेथे केकवर मेणबत्ती न लावता निरांजन शेजारी तेवत ठेवून केक कापावा. पहिला कप वाढदिवसाच्या बाईंना द्यावा, आणि ओतण्याचे काम यजमानिणीने बसूनच करावे. सँडविच संपत आले की स्कोन पुढे करावेत; ताटे उचलणे आणि दुसऱ्या चहासाठी पाणी ठेवणे ही कामे घरातल्या मुलांना, मुलग्यांनाही, नेमून द्यावीत.

दिवेलागणीच्या आधी हळद-कुंकू लावून निरोप द्यावा. निघताना प्रत्येकीच्या हाती संत्र्याच्या मुरंब्याची लहान बरणी दिली तर ती महिनाभर टिकते. उरलेले सँडविच मात्र त्याच संध्याकाळी संपवावेत, दुसऱ्या दिवशी ते खाण्याजोगे राहत नाहीत.